स्वप्नांच्या बावीस वह्या

फ्रान्समधील चिनी विद्येच्या इतिहासात मार्की देर्व्हे द सां-दनी हे नाव आदराने घेतले जाते. थांग राजवटीतील कविता फ्रेंच भाषेत आणणारे आणि पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये चिनी भाषेचे अध्यासन भूषविणारे हे पंडित. याच गृहस्थांनी १८६७ साली पॅरिसच्या आमियो या प्रकाशकाकडून स्वप्नांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यावर आपले नाव मात्र घातले नाही. ‘स्वप्ने आणि त्यांना दिशा देण्याचे उपाय’ असा त्या ग्रंथाच्या शीर्षकाचा अर्थ. झोपेत असताना ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखता येते, अभ्यासाने ही ओळख दृढ करता येते आणि मग स्वप्नाचा ओघही काही प्रमाणात वळविता येतो, असे त्यात स्वानुभवाच्या आधारे मांडले होते.

त्यांचा जन्म ६ मे १८२२ रोजी पॅरिसमध्ये एका सरदार घराण्यात झाला. शिक्षण घरीच झाले. सवंगडी नाहीत, करमणूक बेताची, अशा एकलकोंड्या बालपणात चित्रे काढणे हा एक विरंगुळा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी एका चमत्कारिक स्वप्नाची आठवण कागदावर रेखाटण्याची लहर त्यांना आली. चित्र मनासारखे उतरले, म्हणून दुसरे काढले. लवकरच त्यासाठी स्वतंत्र वही झाली आणि प्रत्येक चित्राखाली स्वप्नाची हकीकत लिहिली जाऊ लागली. पोरवयातला छंद बहुधा पावसाळ्याआधीच आटतो. हा आटला नाही. पुढे वह्यांची संख्या २२ झाली आणि त्यांत १९४६ रात्रींची, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाची स्वप्ने नोंदविली गेली.

या वह्यांचा पहिला परिणाम स्मरणावर झाला. आरंभी अनेक सकाळी हाती काहीच लागत नसे. लिहिण्याच्या सवयीने हळूहळू तुटक आठवणी जुळू लागल्या आणि काही महिन्यांनी असा दिवस उजाडेनासा झाला की ज्याच्या नोंदीसाठी काहीच नाही. दुसरा परिणाम त्यांना स्वतःलाही अनपेक्षित होता. रोजनिशीच्या २०७ व्या रात्री ते स्वप्न पाहत होते आणि आपण स्वप्न पाहत आहोत हे त्यांना त्याच वेळी कळत होते. असे दुसऱ्यांदा घडले ते २१४ व्या रात्री. त्यानंतर सहा महिन्यांनी पाच रात्रींपैकी दोन रात्री, वर्षभराने चारांपैकी तीन, आणि सव्वा वर्षानंतर जवळजवळ रोजच हे भान त्यांना येऊ लागले.

याची त्यांनी दिलेली मीमांसा अगदी साधी आहे. दिवसा ज्या गोष्टीचा आपण ध्यास घेतो, ती रात्री स्वप्नात येते. वकिलाला खटले दिसतात, व्यापाऱ्याला हिशेब दिसतात. मग जो मनुष्य दिवसभर आपल्या स्वप्नांचाच विचार करतो, त्यांची छाननी करतो, त्याला स्वप्नातही स्वप्नाचाच विचार सुचणे क्रमप्राप्त आहे. आज सभान स्वप्नांचे धडे देणारे लोक ‘स्वप्नखुणा’ हुडकायला सांगतात. आपल्या स्वप्नांत वारंवार येणारी माणसे, जागा, अडचणी, अशक्य गोष्टी यांची यादी करा, म्हणजे त्यांतले काही पुन्हा समोर आले की मन सावध होईल, असा तो उपदेश असतो. सां-दनी यांनी हा शब्द वापरला नाही. परंतु त्यांची वही म्हणजे अशा खुणांचा संग्रहच होता. चार दिवसांत सभान स्वप्न पाडून देण्याची हमी देणाऱ्या आजकालच्या पुस्तकांनी त्या २०७ रात्रींचा आकडा एकदा तरी छापावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

खूण ओळखणे किती कठीण असते, याचा एक दाखला त्यांच्याच ग्रंथात आहे. काही आठवड्यांच्या अवधीत एक भयंकर स्वप्न त्यांना पुनःपुन्हा पडले. अक्राळविक्राळ प्राणी पाठलाग करीत आहेत, आपण एका दालनातून दुसऱ्यात धावत आहोत, दारे उघडता उघडत नाहीत, मागे लावलेले दार पुन्हा उघडल्याचा आवाज येतो, आणि घामाने निथळत जाग येते. हे स्वप्न परत येण्याचे कारणही त्यांनी शोधले. कोणत्याही साध्या स्वप्नात ते बंद खोलीत एकटे असले, की त्या भीषण प्रसंगाची आठवण होई, नजर दाराकडे वळे, आणि जे दिसू नये असे वाटे तेच दारात उभे राही. म्हणजे बंद खोली व दार ही खूण तर ठरलेली होती. पण इतर स्वप्नांत सहज येणारे भान नेमके इथे येत नव्हते. भीतीने खुणेचा उपयोगच करू दिला नाही.

चौथ्या खेपेस मात्र पाठलाग सुरू होण्याच्या क्षणी हे स्वप्न असल्याचे त्यांना उमगले. त्यांनी पळणे सोडले, भिंतीला पाठ लावली आणि पुढच्या प्राण्याकडे रोखून पाहिले. जुन्या कॅथीड्रलांच्या द्वारांवर कोरलेल्या राक्षसांसारखे त्याचे रूप होते. चित्रकाराच्या नजरेने ते एकेक बारकावा न्याहाळू लागले, तसे त्याचे सोबती नाहीसे झाले. त्याच्याही हालचाली मंदावल्या, आकार विरघळत गेला, आणि अखेरीस सोंगांचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानाबाहेर टांगलेल्या विटक्या चिंध्यांसारखे काहीतरी लोंबकळत राहिले.

अशा अनुभवांतून सां-दनी प्रयोगांकडे वळले. स्वप्नातले दृश्य बदलायचे झाल्यास ते स्वप्नातच डोळ्यांवर हात ठेवीत, हव्या त्या स्थळाचे चिंतन करीत आणि मग हात काढून पाहत. स्वप्नात मृत्यू येतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी एकदा स्वप्नातल्या उंच खिडकीतून उडी घेतली. क्षणात दृश्य पालटले. ते एका कॅथीड्रलसमोरच्या चौकात, एका मृत माणसाभोवती जमलेल्या गर्दीत उभे होते, आणि त्या माणसाने मनोऱ्यावरून उडी घेतल्याचे कोणीतरी त्यांना सांगत होते. मरणाचा अनुभव स्मृतीत नसल्यामुळे मन तो रचू शकत नाही आणि जवळच्या दुसऱ्या चित्राकडे सरकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जे पूर्वी कधी पाहिलेले नाही ते स्वप्नात दिसत नाही, हा त्यांचा मूळ सिद्धान्त. तो काळ छायाचित्रणाच्या उदयाचा होता. स्मृतीत साठलेल्या प्रतिमांना त्यांनी छायाचित्राच्या काचेची उपमा दिली, ती त्यामुळेच.

गंधाचा प्रयोग सर्वांत सुबक. दक्षिण फ्रान्समधील विव्हारे या डोंगराळ मुलखात पंधरवड्यासाठी जाताना त्यांनी एक वेगळ्याच वासाचे अत्तर घेतले. तिथे पोचल्यावरच कुपी उघडली, मुक्कामभर रोज रुमालाला लावली आणि निघताना पुन्हा घट्ट बंद केली. कित्येक महिन्यांनंतर पॅरिसमध्ये त्यांनी ती नोकराच्या हाती दिली. कधीतरी पहाटे, मी गाढ झोपेत असताना, मला आधी न सांगता उशीवर दोन-चार थेंब टाक, अशी त्याला आज्ञा होती. दिवस ठरविण्याचा अधिकार नोकराचा, कारण अपेक्षेने प्रयोग बिघडू नये. आठ-दहा रात्री काहीच घडले नाही. मग एके रात्री विव्हारेचे डोंगर आणि चेस्टनटची झाडे स्वप्नात आली. जागे होऊन पाहतात तो उशीला अत्तराचा वास होता. संगीताचाही असाच प्रयोग त्यांनी केला. नृत्यसभेत दोन विशिष्ट स्त्रियांबरोबर नाचताना वादकांकडून दोन ठरावीक वॉल्ट्झ वाजवून घेतले, आणि पुढे गजराच्या घड्याळाला जोडलेल्या वाद्यपेटीतून त्यांतली एक धून पहाटे वाजविली. जी धून, ती स्त्री स्वप्नात आली.

हे सारे एका वादाच्या पार्श्वभूमीवर घडत होते. १८५० नंतरच्या दशकात नैतिक व राजकीय शास्त्रांच्या फ्रेंच अकादमीच्या तत्त्वज्ञान विभागाने निद्रा व स्वप्ने या विषयावर निबंधस्पर्धा जाहीर केली होती. १८६१ मध्ये आल्फ्रेद मोरी यांचा निद्रेवरील ग्रंथ आला. झोपेत पलंगाची दांडी मानेवर पडली आणि तेवढ्यात आपण राज्यक्रांती, न्यायासन, गिलोटिन असे लांबलचक स्वप्न पाहिले, ही मोरी यांची हकीकत जगप्रसिद्ध झाली. स्वप्नात इच्छाशक्ती व अवधान लोपलेले असते, त्या अवस्थेचे वेडाशी नाते आहे, असे मोरी यांचे मत. सां-दनी यांनी ते खोडून काढले: अवधान आणि इच्छा झोपेतही कार्यरत राहू शकतात, आणि याला माझ्या वह्या साक्षी आहेत.

पॅरिसमध्येच अर्धशतकापूर्वी या प्रश्नाच्या जवळपास पोचलेला एक गोमंतकीय आपल्याला परिचित आहे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा उभा आहे, त्या आबे फारिया यांनी १८१९ साली ‘प्रबुद्ध निद्रे’वर ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. फारिया यांचा विषय संमोहनाची निद्रा हा होता, स्वप्न नव्हे. त्यामुळे दोघांना एका माळेत ओवणे योग्य नाही. तरीही निद्रेचे मर्म निजवणाऱ्याच्या हाती नसून निजणाऱ्याच्याच मनात असते, हा फारियांचा आग्रह सां-दनी वाचताना आठवल्याशिवाय राहत नाही.

जागेपणीच्या जगात सां-दनी यांची वाटचाल सरळ होती. १८५० च्या सुमारास चिनी शेती व बागायतीवर पुस्तक, १८६२ मध्ये थांगकालीन कवितांचा अनुवाद, १८६७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात चिनी विभागाची जबाबदारी, १८६८ साली विवाह, १८७० मध्ये ‘ली-साओ’ या प्राचीन काव्याचा अनुवाद. स्तानिस्लास ज्युलियँ यांच्या निधनानंतर १८७४ मध्ये कॉलेज द फ्रान्सचे अध्यासन त्यांच्याकडे आले. १८७८ मध्ये ते शिलालेख व साहित्य अकादमीचे सदस्य झाले. गंमत अशी, की या दोन्ही संस्थांत आल्फ्रेद मोरी त्यांच्या आधीपासून होते. ज्यांच्या मतांचा निनावी समाचार घेतला, त्यांच्याच पंक्तीला ते सन्मानाने बसले. दोघेही १८९२ मध्येच निवर्तले, मोरी फेब्रुवारीत आणि सां-दनी २ नोव्हेंबरला.

निनावीपणाची किंमत ग्रंथाने मोजली. प्रती थोड्या, कर्ता अज्ञात. काही वर्षांतच तो दुर्मीळ झाला. १९०० साली स्वप्नांच्या अर्थावर ग्रंथ लिहिणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड यांना प्रयत्न करूनही तो मिळाला नाही, आणि स्वप्नविचाराच्या ज्या ग्रंथाने विसावे शतक व्यापले, त्यात सां-दनी यांच्या प्रयोगांना पुरते स्थान मिळू शकले नाही. त्यांच्या चिनी अनुवादांचे नशीब अधिक चांगले. ते जर्मन रूपांतरांच्या वाटेने गुस्ताव माहलर यांच्या ‘पृथ्वीचे गीत’ या संगीतरचनेपर्यंत पोचले. सभान स्वप्नाला आजचे इंग्रजी नाव मिळाले ते १९१३ मध्ये, फ्रेडरिक व्हान एडन या डच वैद्य-लेखकाकडून. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांनी एका निद्रिस्त माणसाने आधी ठरवून दिलेले डोळ्यांचे संकेत यंत्रावर टिपले; थोड्याच वर्षांत अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही तेच सिद्ध केले.

सां-दनी यांच्या मूळ २२ वह्या आज उपलब्ध नाहीत. ग्रंथाची फ्रेंच आवृत्ती १९६४ मध्ये, जवळजवळ शंभर वर्षांनी, पुन्हा निघाली. त्या वेळी मुखपृष्ठावर त्यांचे नाव छापले गेले; मात्र हशीश घेतल्यानंतरच्या एका स्वप्नाचे परिशिष्ट त्या आवृत्तीतून गाळण्यात आले.