झुकायचं कुठे?

आजचं चिंतन एका माणसाच्या आयुष्यावर.

संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना साधारण 25 किलोमीटरवर खुलताबाद लागतं. भद्रा मारुतीच्या दर्शनाला आपण जातो, तेच गाव. तिथे झैनुद्दीन शिराझी यांचा दर्गा आहे.

जन्म इराणमधल्या शिराझचा, शिक्षण धर्मशास्त्राचं. 1327 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्या काळात दिल्लीकडून जी मंडळी दक्षिणेत आली, त्यांत हेही होते. इथे ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. विद्वान म्हणून नाव झालं.

दौलताबादला तेव्हा बुऱ्हाणुद्दीन गरीब राहत. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. त्यांच्याकडे भक्तीची गाणी चालत, ऐकणारे डोलू लागत. आपल्या या पंडिताला ते अजिबात पटायचं नाही. धर्मात हे बसतंच कसं? शेवटी मनातल्या शंका घेऊन ते स्वतःच भेटायला गेले. गेले परीक्षा घ्यायला आणि परतले शिष्य होऊन! विद्या काही कमी झाली नाही, फक्त 'मला सगळं कळतं' हा ताठा गेला. 1337 मध्ये गुरू गेले, आणि त्यांची गादी याच शिष्याकडे आली.

पण नम्र म्हणजे भित्रा नव्हे हं. पुढे बहमनी सुलतान मुहम्मदशहाने त्यांच्याकडे निष्ठेची मागणी केली. सुलतान दारू पितो, म्हणून त्यांनी चक्क नकार दिला. शहर सोडून जा, असा हुकूम आला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की ते उठले, नमाजाची चटई घेतली आणि गुरूंच्या कबरीपाशी जाऊन बसले. ना सैन्य, ना आरडाओरडा. अखेर सुलतानच नरमला, आणि राज्यातली दारूची दुकानं बंद करायला लावली.

1369 मध्ये ते गेले. गादीसाठी त्यांनी वारस नेमला नाही. पुढे 1707 मध्ये औरंगजेब बादशहालाही त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली साध्या कबरीत पुरलं गेलं.

आपलं बहुतेक वेळा उलटं होतं, नाही का? साहेबासमोर मान लगेच खाली जाते. आणि कुणी खरंच काही शिकवायला लागलं, की ताठ होते. आज झोपण्याआधी दोन मिनिटं आठवून बघूया, दिवसभरात आपण कुठे झुकलो, आणि कुठे झुकायला हवं होतं.