विश्लेषण : विमानांचा गोंगाट मोजणाऱ्या ‘डेसिबल’मधील बेल कोण होते?

मुंबई विमानतळावर उतरणारी विमाने घाटकोपर, कुर्ल्यावरून इतकी खालून जातात, की घरात चाललेले बोलणे काही क्षण थांबवावे लागते. या गोंगाटाची नोंद घेण्यासाठी जगभरातील मोठ्या विमानतळांभोवती खांबांवर मायक्रोफोन बसवलेले असतात. नोंद होते ती डेसिबलमध्ये. या शब्दातील ‘बेल’ म्हणजे टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोनमुळे ते सर्वांना ठाऊक आहेत. मात्र त्यांनी विमानेही बनवली होती आणि त्यांची आई व पत्नी या दोघींनाही नीट ऐकू येत नव्हते, हे फारसे सांगितले जात नाही. विमानाच्या आवाजाचा आकडा नेमके काय सांगतो आणि त्यातून काय निसटते, हे समजून घेण्यासाठी बेल यांचे आयुष्य उपयोगी पडते.

घरातच ध्वनीची शाळा

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही वाणी व उच्चारशास्त्राचे शिक्षक. वडील अलेक्झांडर मेलविल बेल यांनी उच्चार कागदावर दाखवणारी चिन्हलिपी तयार केली होती. तोंडातून आवाज काढताना जीभ, ओठ, घसा कुठे असतात, हे त्या चिन्हांवरून कळे.

आई एलायझा यांना फारच कमी ऐकू येई, तरीही त्या उत्तम पियानो वाजवत. बाकीचे लोक त्यांच्या कर्णनळीत मोठ्याने बोलत. लहानग्या अलेकने वेगळाच मार्ग शोधला. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोले. कपाळाच्या हाडातून पोहोचणारी कंपने आईला समजत. आवाज आधी कंपन असतो आणि तो कानाशिवायही पोहोचू शकतो, हा धडा त्याला पुस्तकाऐवजी घरातच मिळाला.

पुढे क्षयाने दोन्ही भाऊ गेले, एक १८६७ मध्ये आणि दुसरा १८७० मध्ये. उरलेला मुलगा तरी वाचावा म्हणून कुटुंब कॅनडातील ब्रँटफर्ड येथे स्थलांतरित झाले. १८७१ मध्ये बेल बॉस्टनला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले.

मृत माणसाचा कान कशासाठी?

बेल यांच्या आयुष्यातील हा सर्वांत विलक्षण प्रयोग. ऐकू न येणाऱ्या मुलांना स्वतःचा आवाज डोळ्यांनी दाखवता आला, तर त्यांना उच्चार सुधारता येतील, असे त्यांना वाटत होते. त्यासाठी आवाजाचे चित्र काढणारे यंत्र हवे होते. बॉस्टनमधील कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना सुचवले, की यंत्र कशाला, कानच वापरा. १८७४ मध्ये ब्लेक यांनी त्यांना एका मृत माणसाचा कान पडदा आणि आतील हाडांसह मिळवून दिला.

बेल यांनी त्यातील हाडाला गवताची बारीक काडी जोडली आणि तिचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवले. कानात बोलले, की पडदा थरथरे, हाड हले आणि काच सरकवताना काडी काजळीत नागमोडी रेघ ओढे. आवाज मोठा असला की रेघेची उंची वाढे. आज विमानतळाच्या नियंत्रण कक्षातील पडद्यावर दिसणारा आलेख वेगळ्या यंत्रणेने निघतो, पण हवेतील कंपनाची कागदावर किंवा काचेवर नोंद घ्यायची, ही कल्पना तीच.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. कानाचा पडदा इतका पातळ असूनही तो त्या मानाने जड हाडे हलवतो. मग तसाच एखादा पडदा लोखंडाचा तुकडा हलवून विजेचा प्रवाह का बदलणार नाही? टेलिफोनची बीजकल्पना इथली. ७ मार्च १८७६ रोजी पेटंट, तीन दिवसांनी तारेतून पहिले वाक्य, त्यानंतर कंपनी, श्रीमंती आणि हक्कांसाठी शेकडो खटले, हा इतिहास शालेय पुस्तकांत आहेच.

ऐकण्याचे मोजमाप आणि एक वादग्रस्त बाजू

जुलै १८७७ मध्ये बेल यांनी मेबल हबर्ड यांच्याशी विवाह केला. मेबल पाच वर्षांच्या असताना तापाने त्यांची श्रवणशक्ती पूर्ण गेली होती. जगाला दुरून बोलणे ऐकवणाऱ्या माणसाचे बोलणे त्याची पत्नी ओठांच्या हालचालींवरून वाचत असे.

टेलिफोननंतर बेल यांनी श्रवणशक्ती मोजणारे विजेचे उपकरण, म्हणजे ऑडिओमीटर तयार केले. त्यात तारांची दोन वेटोळी एकमेकांपासून दूर नेली की आवाज क्षीण होत जाई. तो ऐकू येईनासा झाला, की ते अंतर म्हणजे त्या माणसाच्या श्रवणशक्तीचे माप. शाळकरी मुलांवर चाचण्या घेतल्यावर असे दिसले, की ‘मठ्ठ’ समजल्या जाणाऱ्या काही मुलांना प्रत्यक्षात कमी ऐकू येत होते.

याच काळातील त्यांची भूमिका मात्र आजही टीकेचा विषय आहे. कर्णबधिरांनी सांकेतिक भाषा न वापरता बोलायलाच शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. कर्णबधिरांनी आपसांत लग्ने केल्यास कर्णबधिरांची वेगळी मानवजात तयार होईल, अशी भीती त्यांनी १८८३ मध्ये मांडली. या विचारांमुळे अनेक शाळांतून सांकेतिक भाषा मागे पडली आणि कर्णबधिर समाजाने त्यांना माफ केलेले नाही. ज्यांच्यासाठी काम केले, त्यांना काय हवे हे त्यांनी पुरेसे विचारले नाही, हा आक्षेप रास्त आहे.

बेल विमानांकडे कसे वळले?

मे १८९६ मध्ये त्यांचे मित्र सॅम्युअल लँगली यांनी पोटोमॅक नदीवर वाफेच्या इंजिनाचे मानवरहित विमान उडवले. बेल तिथे हजर होते आणि त्यांनी त्याचे छायाचित्र काढले. तेव्हापासून उड्डाणाचे वेड त्यांच्या डोक्यातून गेले नाही. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, बॅडेक गावाजवळ त्यांची मोठी मालमत्ता होती. तिथे त्यांनी चतुष्फलक आकाराच्या चौकटी जोडून प्रचंड पतंग बनवायला सुरुवात केली. डिसेंबर १९०७ मध्ये तीन हजारांहून अधिक चौकटींचा ‘सिग्नेट’ हा पतंग लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज यांना घेऊन सुमारे ५० मीटर उंचीवर सात मिनिटे तरंगला.

त्याच्या दोन महिने आधी, १ ऑक्टोबर १९०७ रोजी, मेबल यांच्या सूचनेवरून आणि त्यांच्याच पैशांतून ‘एरियल एक्सपेरिमेंट असोसिएशन’ स्थापन झाली होती. साठीतले बेल आणि चार तरुण : ग्लेन कर्टिस, केसी बाल्डविन, डग्लस मॅकर्डी आणि सेल्फ्रिज. कर्टिस हे मोटारसायकलची इंजिने बनवणारे, त्यामुळे इंजिनाची बाजू त्यांच्याकडे. वर्षभरात या मंडळींनी एकामागून एक विमाने बांधली. ४ जुलै १९०८ रोजी कर्टिस यांनी ‘जून बग’ एक किलोमीटरहून अधिक उडवून करंडक जिंकला.

आनंद फार टिकला नाही. १७ सप्टेंबर १९०८ रोजी ऑर्व्हिल राइट यांच्या विमानातून प्रवासी म्हणून गेलेले सेल्फ्रिज अपघातात मरण पावले. इंजिनाच्या विमान अपघातातील हा जगातील पहिला मृत्यू. काम तरीही थांबले नाही. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी बॅडेकच्या गोठलेल्या खाडीवरून मॅकर्डी यांनी ‘सिल्व्हर डार्ट’ उडवले. कॅनडातील इंजिनाचे ते पहिले उड्डाण, जेमतेम अर्ध्या मैलाचे. गावकरी बर्फावर उभे राहून पाहत होते. इंजिनाच्या आवाजाने त्यांच्यापैकी कोणी त्रासले असेल, तरी तो आवाज किती होता हे सांगणारे एककच तेव्हा अस्तित्वात नव्हते.

बेल स्वतः शांततेचे भोक्ते होते. रात्रभर काम करून ते सकाळी उशिरापर्यंत झोपत. घरात टेलिफोन होते, पण आपल्या अभ्यासिकेत त्यांनी तो ठेवू दिला नाही. २ ऑगस्ट १९२२ रोजी बॅडेक येथे त्यांचे निधन झाले. दोन दिवसांनी अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन यंत्रणा मिनिटभर बंद ठेवण्यात आली.

मग ‘डेसिबल’ आले कुठून?

विमानांशी त्याचा सुरुवातीला काहीच संबंध नव्हता. टेलिफोनच्या तारेत मैलागणिक आवाज किती क्षीण होतो, हे अभियंत्यांना मोजायचे होते. आधी ‘एक मैल तार’ हेच माप होते. १९२० च्या दशकात बेल टेलिफोन प्रयोगशाळेने त्याऐवजी गुणोत्तरावर आधारित एकक घेतले आणि १९२८ च्या सुमारास त्याला संस्थापकाचे नाव दिले. ऊर्जा दहापट झाली की एक बेल. हे एकक फार मोठे पडे म्हणून त्याचा दहावा भाग, डेसिबल, रुळला. आडनावातील दोन ‘एल’पैकी एक मात्र या प्रवासात गळाला.

हे गणित लॉगॅरिदमचे आहे आणि सामान्य माणसाची गल्लत इथेच होते. ८० डेसिबलची दोन विमाने एकाच वेळी गेली तर बेरीज १६० होत नाही, ८३ होते. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, पण ऊर्जा दहापट झालेली असते.

१९३३ मध्ये याच प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी निकोप श्रवणशक्तीच्या माणसांना हेडफोनमधून शुद्ध सूर ऐकवले आणि कोणता सूर किती मोठा वाटतो, याचे आलेख काढले. त्यातील कमी आवाजाच्या आलेखावरून ‘ए’ भारांकन तयार झाले. नोंदीत ‘डीबी(ए)’ असे दिसते, त्यातला ‘ए’ तो हाच. या गाळणीत १०० हर्ट्झचा घुमणारा आवाज सुमारे १९ डेसिबलने कमी धरला जातो. विमान जाताना खिडकीची तावदाने थरथरतात तो आवाज याच पट्ट्यातला. कपाळातून ऐकणाऱ्या एलायझाबाईंना जे सर्वांत आधी कळले असते, त्याला या आकड्यात सर्वांत कमी किंमत आहे.

विमानतळाभोवती मोजमाप कधी सुरू झाले?

खरी ठिणगी पडली ती जेट विमानांमुळे. १९५८ मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कमधून उडण्याआधी तेथील पोर्ट अथॉरिटीने अट घातली, की जेटचा त्रास पंख्याच्या मोठ्या विमानांपेक्षा जास्त नको. मात्र तेवढ्याच डेसिबलचा जेटचा कर्कश आवाज लोकांना अधिक त्रासदायक वाटत होता. म्हणून ‘जाणवणाऱ्या गोंगाटा’चे वेगळे डेसिबल तयार करून ११२ ची मर्यादा ठरवण्यात आली.

लंडनमध्ये १९६१ साली हीथ्रोच्या आसपासच्या रहिवाशांना घरोघरी जाऊन त्रास विचारण्यात आला आणि तिथल्या मोजणीशी तो ताडून पाहण्यात आला. त्यातून आलेल्या निर्देशांकात विमानांची संख्या दुप्पट झाली, की आकडा साडेचारने वाढे. पुढे १९९० मध्ये ब्रिटनने त्याऐवजी ऊर्जेची सरासरी स्वीकारली. तिच्यात संख्या दुप्पट झाली तर वाढ फक्त तीनची. सूत्रातील हा छोटा फरक विमानतळाच्या बाजूचा आहे, हे उघड आहे.

भारतात काय नियम?

२०१८ मध्ये केंद्राने विमानतळ परिसरासाठी मानके अधिसूचित केली. वर्षाला ५० हजारांहून अधिक उड्डाणे-उतरणी असलेल्या विमानतळांच्या गोंगाट क्षेत्रात दिवसा ७० आणि रात्री ६५ डीबी(ए) ही मर्यादा आहे, तीही सरासरीची.

या सरासरीचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका वस्तीवरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाच्या आवाजाची सगळी ऊर्जा एका सेकंदात कोंबली, तर ती ९० डेसिबल भरते. सकाळी ६ ते रात्री १०, म्हणजे ५७,६०० सेकंदांत अशी ४०० विमाने गेली. दिवसाची सरासरी येते सुमारे ६८.४. म्हणजे नियमभंग नाही. प्रत्यक्षात मात्र तिथे दर दोन मिनिटे २४ सेकंदांनी एक विमान डोक्यावर असते. विमाने निम्मी केली, तरी सरासरी उतरते ६५.४ वर. घरात बसलेल्या माणसाला दोनशे व्यत्यय कमी झाले, कागदावर तीन डेसिबल.

सिडनीत हाच पेच मोठा झाला. १९९४ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाल्यावर गोंगाट क्षेत्राच्या नकाशाबाहेर राहणाऱ्या लोकांनीही मोठा संताप व्यक्त केला. रेषेबाहेर म्हणजे शांतता, असा त्यांचा समज झाला होता. त्यानंतर ऑस्ट्रेलियात सरासरीच्या जोडीला एक साधी मोजणी आली : दिवसात किती विमानांचा आवाज ७० डेसिबलच्या वर गेला. ७० हा आकडा निवडला, कारण बाहेर एवढा आवाज असला की उघड्या खिडकीच्या घरात तो साधारण ६० भरतो आणि बोलणे तुटू लागते. ‘एन-७०’ नावाच्या या मोजणीचे उत्तर डेसिबलमध्ये येत नाही. ते फक्त ‘किती वेळा’ एवढेच सांगते.