सुरवंटांची चरित्रकार : मारिया सिबिला मेरियन

फुलपाखरू आवडत नाही असा मनुष्य विरळा. पण त्याच फुलपाखराचे बालरूप असलेला सुरवंट दिसला की आपण तोंड फिरवितो, नाही तर त्याला पायाखाली चिरडतो. या उपेक्षित जीवाच्या अभ्यासात जिने आपले सारे आयुष्य वेचले, त्या विदुषीचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

मारिया सिबिला मेरियन हिचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट नगरात झाला. वडील ताम्रपटावर चित्रे कोरणारे नामांकित कारागीर व प्रकाशक होते. पण मारिया तीन वर्षांची असतानाच ते निवर्तले. आईने पुढे याकोब मारेल या पुष्पचित्रकाराशी विवाह केला आणि त्यांच्या हाताखाली मारियाने चित्रकलेचे धडे घेतले. वयाच्या तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले व त्यांचे रूपांतर प्रत्यक्ष पाहिले. हा छंद तिला जन्मभर पुरला.

त्या काळी किडे चिखलातून अथवा कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, अशी समजूत सर्वत्र रूढ होती. मेरियनबाईंनी या समजुतीशी शब्दांनी वाद घातला नाही. सुरवंट आणावा, त्याला त्याचा पाला घालावा, कोशातून काय बाहेर पडते याची वाट पाहावी आणि दिसेल तेच रेखाटावे, हा त्यांचा क्रम. १६६५ मध्ये त्यांचा विवाह झाला, पुढे दोन कन्या झाल्या; परंतु संसार सांभाळून हे निरीक्षण अखंड चालू राहिले. १६७९ आणि १६८३ मध्ये त्यांच्या सुरवंटविषयक ग्रंथाचे दोन भाग प्रसिद्ध झाले. प्रत्येकात ५० चित्रे होती. ग्रंथ पंडितांच्या लॅटिन भाषेत नसून जर्मन भाषेत होता. अळी, कोश आणि पतंग ही सारी रूपे त्या किड्याच्या खाद्यवनस्पतीवरच दाखविणे, हे या चित्रांचे वैशिष्ट्य होय. कीटक आणि वनस्पती यांचे नाते त्यांनी अशा रीतीने एका पानावर आणले.

पतीपासून विभक्त झाल्यावर १६९१ मध्ये त्या कन्यांसह आम्स्टरडॅम येथे स्थायिक झाल्या व चित्रकलेवर चरितार्थ चालवू लागल्या. तेथील श्रीमंतांच्या संग्रहांत दूरदेशींची फुलपाखरे होती. पण ती मृत! ती कशापासून झाली, काय खात होती, हे कोण सांगणार? तेव्हा १६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, धाकटी कन्या दोरोथेया हिला घेऊन बाईंनी दक्षिण अमेरिकेतील सुरिनामकडे प्रयाण केले. तेथील मळेवाल्यांना साखरेपलीकडे काही दिसत नव्हते. बाईंच्या शोधाची त्यांनी थट्टाच केली. तेथील मूळ रहिवासी व गुलाम यांच्या श्रमांवाचून आणि ज्ञानावाचून हे कार्य झाले नसते, हेही विसरता कामा नये. त्या गुलामांना मिळणाऱ्या क्रूर वागणुकीची नोंद बाईंनी आपल्या ग्रंथात केली आहे.

आजारपणामुळे १६०१ नव्हे, तर १७०१ मध्ये, म्हणजे नव्या शतकाच्या आरंभीच, त्यांना परतावे लागले. १७०५ मध्ये सुरिनामच्या कीटकांवरील त्यांचा ६० चित्रांचा ग्रंथ प्रकाशित झाला. १३ जानेवारी १७१७ रोजी आम्स्टरडॅम येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे लिनियस या शास्त्रज्ञाने अनेक जीवांना नावे देताना त्यांच्या चित्रांचा आधार घेतला.

बाईंच्या कार्याचे मर्म आपल्या बागेतही पडताळून पाहता येते. अमेरिकेतील मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीड या चिकाळ वनस्पतीवाचून वाढत नाही. मारुतीला जिची माळ आपण घालतो, ती रुई त्याच गणगोतातली. तिच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी आढळते. तिचेच पुढे काळ्या कडांचे नारिंगी फुलपाखरू होते. चिकातील विष अंगी मुरल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. कढीलिंबावर आणि लिंबावर आणखी निराळ्या अळ्या पोसल्या जातात.

विद्यार्थी मित्रहो, नुसती फुले लावली तर फुलपाखरे पाहुणी म्हणून येतील. त्यांचे माहेर व्हावयाचे, तर अळीला पालाही हवा. शाळेच्या कुंपणाशी एखादी रुई राखा. मात्र तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पाने कुरतडलेली दिसली, तर औषध फवारण्यापूर्वी वही-पेन्सिल घेऊन जवळ बसा. मेरियनबाईंचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग दुसरा नाही.