समाजस्वास्थ्याचा एकाकी उपासक : र. धों. कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. विधवांचे पुनर्विवाह, हिंगण्याचा आश्रम, १९१६ साली स्थापन झालेले महिला विद्यापीठ आणि १९५८ मधील भारतरत्न हा इतिहास आपण शाळेतच शिकतो. परंतु त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांच्याविषयी पाठ्यपुस्तके फारसे बोलत नाहीत. ज्या विषयावर घरात, वर्गात आणि दवाखान्यातही लोक आवाज खाली आणतात, तोच विषय या गृहस्थाने आयुष्यभर मोठ्याने मांडला. पित्याला समाजाने उशिरा का होईना डोक्यावर घेतले; पुत्राच्या वाट्याला मात्र कुचेष्टा, खटले आणि दारिद्र्य आले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूड येथे झाला. १८९१ मध्ये आई राधाबाई वारल्या, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी विवाह केला आणि त्यापायी कुटुंबाला गावाचा रोष सोसावा लागला. रूढीविरुद्ध गेल्यावर समाज कसा वागतो, याचा पहिला धडा या मुलाने घरातच गिरवला म्हणायचा. बुद्धी तल्लख होती. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकावला, फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. केले आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून नोकरी धरली. १९१९ मध्ये गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळवलेच, शिवाय युरोपात लैंगिक शास्त्रावर जे मोकळे संशोधन चालले होते तेही बारकाईने अभ्यासले. कोणतेही विधान सिद्धतेवाचून मान्य करायचे नाही, ही गणितज्ञाची शिस्त त्यांनी समाजाच्या प्रश्नांनाही लावली.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणली पाहिजे. सातारा, रत्नागिरीकडचे हजारो तरुण गिरण्यांत आणि गोदीत पोटासाठी आलेले, बायकामुले गावी. शहरात बायकांपेक्षा पुरुषांची संख्या कितीतरी जास्त. गरमी आणि परमा हे रोग अशा वस्तीत पसरत, सुट्टीत गावी जाणाऱ्याबरोबर गावात पोचत आणि काही दोष नसलेल्या पत्नीला व पोटातल्या मुलाला गाठत. परम्याच्या आईच्या पोटी जन्मलेल्या मुलांचे डोळे जात. गरमीने गर्भपात होत. तरीही रोगाचे नाव कोणी घ्यायचे नाही. दैवाला, करणीला किंवा पूर्वजन्मीच्या पापाला बोल लावायचा, वैदूकडून पाऱ्याची मात्रा घ्यायची, असा रिवाज होता. विज्ञान तर पुढे गेले होते. परम्याचा जंतू १८७९ मध्ये आणि गरमीचा १९०५ मध्ये सापडला होता, १९०६ पासून गरमीसाठी रक्ताची तपासणी होऊ लागली होती आणि १९१० मध्ये एर्लिक यांचे औषध बाजारात आले होते. ज्ञान होते, पण मराठी माणसापर्यंत ते पोचत नव्हते. कर्व्यांनी नेमके हेच काम अंगावर घेतले.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. भारतातील हे पहिले केंद्र मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला तेही हेच वर्ष. संततिनियमनावरील पुस्तकाबरोबर त्यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिले. पुढे ‘आधुनिक कामशास्त्र’ आणि ‘वेश्याव्यवसाय’ ही पुस्तके आली. रोग झाला म्हणजे माणूस पापी ठरत नाही, तो रोगी ठरतो. आणि रोग्याला उपदेशाची नव्हे तर उपचाराची गरज असते, ही या साऱ्या लेखनामागची भूमिका होती. त्या काळी विल्सन कॉलेजात ते शिकवीत असत. हा प्रचार कॉलेजच्या चालकांना मानवणारा नव्हता. नोकरी की प्रचार, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली. त्यानंतर नियमित पगाराचे सुख त्यांना फारसे लाभले नाही.

या संसाराचा भार पत्नी मालतीबाईंनी तितक्याच धीराने उचलला. आपल्याला मूल नको, हा निर्णय दोघांनी विचारपूर्वक घेतला होता. त्या काळात मूल नसलेल्या स्त्रीला हळदीकुंकवालाही कसे वागवले जाई हे लक्षात घेतले, म्हणजे या निर्णयाची खरी किंमत कोणी मोजली हे उमजते. रघुनाथरावांचे चरित्र सांगताना मालतीबाईंना ओझरता उल्लेख पुरत नाही.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादन, लेखन आणि हिशेब यांचा बहुतेक भार कर्व्यांच्या एकट्याच्या शिरावर होता. शारदा या नावाने येणारी पत्रेही तेच लिहीत. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, त्यावरून गहजब उडाला. मासिकाचा प्राण मात्र वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होता. घरी विचारता येत नाही आणि डॉक्टरसमोर जीभ रेटत नाही असे प्रश्न लोक पत्राने विचारीत, आणि कर्वे थोडक्या, कोरड्या, शास्त्रीय भाषेत उत्तर देत. हस्तमैथुनाने माणूस वेडा होतो, कुमारिकेच्या संगाने गुप्तरोग बरा होतो, असल्या समजुतींनी किती तरुणांची झोप उडवली आणि किती मुलींच्या आयुष्याची माती केली असेल, याची कल्पना केली म्हणजे त्या कोरड्या उत्तरांचे मोल कळते.

सनातन्यांनी त्यांना कोर्टात खेचले. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल दुसरा खटला झाला. या वेळी त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयाला वाहिलेल्या मासिकाने त्या विषयावरील शंकांचे निरसन करणे यात अश्लील काही नाही, विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड भरावा लागला. बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला. दुसऱ्या बाजूला महात्मा गांधींना ब्रह्मचर्याखेरीज दुसरा उपाय मान्य नव्हता. म्हणजे कर्व्यांना सनातन्यांचा विरोध होताच, पण देशभक्तांच्या मेळाव्यातही त्यांना जागा नव्हती. शकुंतला परांजपे यांच्यासारखे थोडे सहकारी तेवढे त्यांच्या पाठीशी राहिले.

चरित्र लिहिताना दोषांवर पांघरूण घालणे कर्व्यांनाच आवडले नसते. त्यांची भाषा बोचरी होती आणि समजुतीने घेणे त्यांना जमत नसे. आपला मुद्दा तर्काने बिनतोड ठरला म्हणजे लोक तो स्वीकारतील, असा त्यांचा भरवसा होता; माणसाची लाज आणि भीती तर्काने लगेच विरघळत नाही याचा त्यांनी पुरेसा विचार केला नाही. त्या मुखपृष्ठांमुळे पुष्कळ घरांत मासिक चोरूनच वाचले जाई, आणि ज्या स्त्रियांना त्याची सर्वांत अधिक गरज होती त्यांच्या हाती ते क्वचितच पडे.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५३ चा अंक अखेरचा ठरला. सव्वीस वर्षे हे मासिक त्यांनी पदरमोड करून चालवले होते. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. असे करणारा भारत हा जगातील पहिला देश. ज्या कामासाठी कर्व्यांना नोकरी सोडावी लागली, ते काम त्यांच्या डोळ्यांदेखत सरकारी धोरण झाले. मान मात्र नंतर आला. य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्या जीवनावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला.

मग आज कर्व्यांची आठवण म्हसवडच्या कॉलेजात कशासाठी काढायची? आपला माणदेश दुष्काळी. सिद्धनाथाच्या रथाला माणूस गावी येतो, रथ ओढतो आणि पुन्हा मुंबईला, उसाच्या फडावर, ट्रकवर किंवा गलाईच्या धंद्यासाठी परप्रांतात निघून जातो. गिरण्या गेल्या, पण घरापासून दूर राहणे गेले नाही. १९८६ मध्ये भारतात एड्सच्या विषाणूचा शोध लागला, तेव्हा हेच रस्ते पुन्हा रोगाचे रस्ते ठरले. शेजारच्या सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांना बरोबर घेऊन काम केले, ते कर्व्यांच्याच विचाराच्या वाटेवरचे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळले, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. मौनाची किंमत यापेक्षा स्पष्ट आकड्यांत सांगता येणार नाही.

मौन अजून सुटलेले नाही. २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाला महाराष्ट्रातच विरोध झाला आणि तो कार्यक्रम थांबला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. कोवळ्या वयात मुलीच्या गर्भाशयमुखाची वाढ पुरी झालेली नसते, त्यामुळे संसर्ग तिला लवकर होतो; आणि नवऱ्याची तपासणी कोणी मागत नाही.

तेव्हा कर्व्यांच्याच कोरड्या पद्धतीने काही गोष्टी येथे नोंदवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे बरे होऊ शकणारे दहा लाखांहून अधिक लैंगिक संसर्ग जगात रोज होतात, आणि त्यांतील बहुतेकांना लक्षणे दिसत नाहीत. गरमीची पहिली जखम दुखत नाही व आपोआप भरून येते. रोग मात्र अंगात राहतो आणि वर्षांनंतर हृदय व मेंदू गाठतो. परमा आणि क्लॅमिडिया स्त्रीला मुकाट्याने वंध्यत्व देऊ शकतात. हे तिन्ही औषधाने बरे होतात, पण जोडीदारानेही उपचार घेतला पाहिजे, आणि मनानेच गोळ्या घेतल्या तर परम्याचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. एचआयव्ही समूळ जात नाही, परंतु सरकारी रुग्णालयात मोफत मिळणाऱ्या औषधांनी माणूस दीर्घकाळ निरोगी जगतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूवर आणि ब प्रकारच्या काविळीवर लस आहे. निरोधाने धोका बराच घटतो, पूर्ण जात नाही. एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने यांतला कोणताही रोग होत नाही. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन केंद्रात आपले नाव गुप्त राहते, आणि १०९७ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

कर्व्यांच्या मासिकाला पत्र टाकणाऱ्या तरुणाला उत्तरासाठी पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. आज खिशातल्या फोनवर उत्तरांचा सुकाळ आहे, पण त्यांतले खरे कोणते आणि कोणाचा गल्ला भरणारे कोणते, हे पारखायला कर्व्यांची चिकित्सक दृष्टीच लागेल. शंका आली तर डॉक्टरला विचारावे, आणि मित्राने किंवा बहिणीने विचारले तर न हसता, न खिजवता उत्तर द्यावे. या माणसाचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.