क्रोधजयी संत फ्रान्सिस डी सेल्स

षड्रिपूंमध्ये कामाच्या पाठोपाठ क्रोधाचे नाव येते, ते उगीच नव्हे. इतर विकार मनुष्य झाकून ठेवू शकतो. क्रोध मात्र चारचौघांत उघडा पडतो आणि जवळच्या माणसांनाच आधी पोळतो. नाताळच्या सणानिमित्त शांतीचा संदेश सर्वत्र उच्चारला जात असताना, त्या शांतीसाठी स्वतःच्या स्वभावाशी जन्मभर झुंजलेल्या एका सत्पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आल्प्स पर्वताच्या कुशीतील सॅव्हॉय या तत्कालीन राज्यात, एका सरदार घराण्यात, २१ ऑगस्ट १५६७ रोजी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. पॅरिसला शिकत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, आपण ईश्वरी कृपेला कायमचे मुकलो आहोत या भयाने त्यांना ग्रासले. अन्नपाणी गोड लागेना. अखेर एका चर्चमध्ये पवित्र मारियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी स्वतःला ईश्वराच्या हाती सोपविले आणि ते भय ओसरले. मन आपल्या आवाक्याबाहेर गेले की कोणाकडे वळावे, हा धडा त्यांना तेथे मिळाला. पुढे १५९१ मध्ये पादुआ येथे त्यांनी कायद्याची सर्वोच्च पदवी संपादन केली. मुलाने राजदरबारी मोठे पद भूषवावे, ही पित्याची इच्छा होती. तथापि १५९३ च्या डिसेंबरात त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली.

फ्रान्सिस यांचा स्वभाव मूळचा तापट. त्यातच १५९४ मध्ये ते जिनिव्हा सरोवराकाठच्या शाब्ले प्रांतात गेले. कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यातील वैराचा तो काळ. लोक दारे लावून घेत, जिवावर उठत. फ्रान्सिस यांनी आपले विचार कागदांवर लिहून ते दारांच्या फटींतून आत सरकवले. कडवट शब्द मात्र कटाक्षाने टाळले. या कार्यामागे पुढे राजसत्तेचे बळ उभे राहिले, हे खरे. परंतु माणसाचे मन धाकाने वळत नाही, ही फ्रान्सिस यांची स्वतःची धारणा ढळली नाही.

१६०२ मध्ये ते जिनिव्हाचे बिशप झाले. पण ते नगर कॅल्विनपंथीयांच्या हाती असल्याने त्यांना अ‍ॅनसी येथे राहावे लागले. संसारी स्त्रीपुरुषांसाठी १६०९ मध्ये त्यांनी भक्तिमार्गावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात क्रोधाचा विचार फार मार्मिकपणे केला आहे. क्रोधाला उंबरठ्याबाहेरच अडवावे. न्याय्य कारण सांगून तो आत शिरला, तर घराचा धनी होऊन बसतो. संतापाची पहिली चाहूल लागताच, वादळात सापडलेल्या शिष्यांनी प्रभू येशूला हाक मारली तशी हाक मारावी. मात्र ती प्रार्थनाही शांतपणे करावी. आदळआपट करीत केलेली प्रार्थना मनाला अधिकच ढवळून काढते. रागाच्या भरात कोणाचे मन दुखावले, तर ऊन जखमेवर तत्काळ लेप लावावा, तसे सौम्य वर्तनाने ते लगेच सांधावे. आणि सर्वांत सूक्ष्म गोष्ट ही की, आपल्याला राग आला म्हणून स्वतःवरही रागावू नये. कारण तोही क्रोधच.

हा उपदेश त्यांनी स्वतः आचरला होता. एकदा एका माणसाने त्यांचा पाणउतारा केला, तरी ते मूक राहिले. मित्राने नवल केले, तेव्हा वीस-बावीस वर्षांच्या कष्टाने साठविलेली सौम्यता पाव घटकेत का उधळावी, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगतात. मार्टिन नावाच्या एका मूकबधिर तरुणाला त्यांनी खाणाखुणांच्या साहाय्याने धर्मशिक्षण दिले. ज्याला पूर्वी स्वतःचा आवेग आवरत नसे, त्याच्या ठायी एवढा धीर कोठून आला, याचे उत्तर त्यांच्या नित्य प्रार्थनेत सापडते.

१६२२ चा नाताळ त्यांनी फ्रान्समधील लियाँ येथे साजरा केला. एका मठाच्या आवारातील माळ्याच्या घरात त्यांचा मुक्काम होता. तेथेच झटका येऊन २८ डिसेंबर रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. मरणोत्तर तपासणीत त्यांच्या पित्ताशयात खडे आढळले, असे चरित्रकार नमूद करतात. आपल्याकडेही संतापाच्या वेळी पित्त खवळले असे म्हणतात. जन्मभर गिळलेल्या रागाचेच ते खडे झाले, असे भाविकांनी मानले. आजचे वैद्यकशास्त्र त्या खड्यांची कारणे निराळी सांगते. परंतु हा सौम्य मनुष्य आतून किती झगडत असेल, हे लोकांनी ओळखले होते, याची ती खूण आहे.

१६६५ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. नागपूरचे कॅथेड्रल आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शांत स्वभाव जन्मतः लाभतो, तो भाग्यवान. परंतु तो ज्याला लाभला नाही, त्याच्यासाठीही दार बंद नाही, हे या चरित्राचे सार आम्हांस वाटते. पहिल्या ठिणगीलाच गुडघे टेकावेत, चुकल्यास लगेच सांधावे आणि पुन्हा आरंभ करावा. यंदाच्या नाताळात घरोघरी शांतीचे दीप लागोत. आणि ते आपल्या जिभेच्या वाऱ्याने विझू नयेत, एवढी सावधगिरी आपणां सर्वांस लाभो, ही सदिच्छा.