रंगीत दूरचित्रवाणीचे पुरस्कर्ते वसंतराव साठे

भारतीय दूरचित्रवाणीला रंग देण्याच्या निर्णयाशी वसंतराव साठे यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ५ मार्च १९२५ रोजी नाशिक येथे जन्मलेल्या साठे यांची कर्मभूमी मात्र विदर्भ होती. समाजवादी चळवळीतून त्यांची राजकीय जडणघडण झाली. पुढे काँग्रेस पक्षात आल्यावर त्यांनी लोकसभेत आधी अकोल्याचे व १९८० पासून वर्ध्याचे प्रतिनिधित्व केले.

जानेवारी १९८० मध्ये श्रीमती इंदिरा गांधी यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते आले. दिल्लीत १९५९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली दूरचित्रवाणी तोवर कृष्णधवलच होती. रंगीत प्रसारणाचा प्रस्ताव पुढे येताच, गरीब देशाला ही चैन परवडेल काय, असा सवाल उपस्थित झाला. शासनातही अनेकांना हा खर्च पटत नव्हता. जग रंगीत तंत्राकडे वळले असताना कालबाह्य होणाऱ्या यंत्रसामग्रीवर पैसा घालणेच अधिक महागात पडेल, अशी साठे यांची भूमिका होती. दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धा तोंडावर आल्याने निर्णयाला गती मिळाली. रंगीत प्रसारणासाठी ‘पाल’ ही पद्धती स्वीकारण्यात आली आणि संचांच्या आयातीवरील निर्बंध शिथिल झाले.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण व रंगीत प्रक्षेपण यांचा प्रारंभ झाला. मात्र सप्टेंबरमध्ये साठे यांचे खाते बदलले. १९ नोव्हेंबरला स्पर्धांचे उद्घाटन देशाने रंगांत पाहिले, तेव्हा ते रसायने व खते खात्याचा कारभार पाहत होते.

मेक्सिकोतील समाजप्रबोधनपर मालिकांवरून त्यांनी पुढे आणलेली कल्पनाही त्यांच्या कार्यकाळानंतरच, १९८४ मध्ये, ‘हम लोग’ या मालिकेच्या रूपाने साकार झाली. राजीव गांधी यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी पोलाद, खाणी व कोळसा खाते सांभाळले. भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा त्यांच्याच खात्याच्या कक्षेत होता. पुढे ते ऊर्जामंत्री झाले. १९९१ मध्ये वर्ध्यात त्यांचा पराभव झाला.

२३ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या रंगीत संचाला एके काळी चैन म्हटले गेले, तो त्यांच्या हयातीतच खेड्यापाड्यांतील घरांत पोहोचला होता.