थोरांची ओळख : डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

बदनावरात एखादे बाळ फार लवकर जन्मले की घरची मंडळी त्याला घेऊन धार, रतलाम किंवा इंदूर गाठतात. तिथे काचेच्या पेटीत, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेले एवढेसे बाळ आपल्यापैकी काहींनी पाहिलेही असेल. बाळावर ही वेळच येऊ नये म्हणून एक उपाय शोधणाऱ्या मराठी डॉक्टरांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

डॉ. शिरोडकरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा गावी झाला. हुबळीला शिकून ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२३ साली एम.बी.बी.एस., १९२७ साली एम.डी. आणि १९३१ साली इंग्लंडची एफ.आर.सी.एस. या पदव्या त्यांनी मिळवल्या. परत आल्यावर जे. जे. रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा केली आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्र शिकवले.

तेथे त्यांच्याकडे अशा स्त्रिया येत, की ज्यांचे दिवस चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हापुन्हा वाया जात. फारशा कळाही येत नसत. लोक नशिबाला बोल लावीत. डॉक्टरांनी मात्र नीट तपासले. काहींच्या बाबतीत गर्भाशयाचे तोंड कमकुवत असते, वाढत्या बाळाचा भार त्याला पेलत नाही आणि ते वेळेआधी उघडते, हे त्यांनी ओळखले. मग पिशवीचे तोंड बांधावे, तसा त्याभोवती टाका घालण्याची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली. सुरुवातीला टाक्यासाठी त्याच स्त्रीच्या मांडीतील स्नायूवरच्या पडद्याची पट्टी ते वापरीत. १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभर ती शिरोडकर टाका याच नावाने ओळखली जाते. १९५७ साली मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी तिच्यापेक्षा सोपा टाका सुचवला; तोही आज सर्रास घातला जातो.

या कामाचे मोल कळण्यासाठी त्या काळातील दुसरी हकिकत सांगायला हवी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात, म्हणून त्याला ऑक्सिजन द्यावा लागतो. १९४०च्या दशकात तो भरपूर देत. बाळे जगली, पण जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली. जादा ऑक्सिजनामुळे डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या बिघडतात, हे १९५०च्या दशकात सिद्ध झाले. मग ऑक्सिजनाला कात्री लागली, तर बाळे दगावू लागली. आता बाळाच्या हातापायाला यंत्र लावून रक्तातील ऑक्सिजन साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. कमी पडला तर जिवाला धोका, जास्त झाला तर डोळ्यांना. आईच्या पोटात हे मोजमाप वार आपोआप सांभाळते. शिरोडकरांच्या टाक्याने बाळाला तेच आठवडे मिळवून दिले.

हा टाका प्रत्येकीला लागत नाही. ज्यांच्या गर्भाशयाचे तोंड कमकुवत आहे, त्यांनाच उपयोगी पडतो. म्हणून आधीचे दिवस असे वाया गेले असतील, तर ते पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगावे. बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात टाका घालतात आणि नवव्या महिन्यात काढतात.

भारत सरकारने त्यांना १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण दिले. ७ मार्च १९७१ रोजी ते गेले.

आमची पालकांना एक विनंती आहे. घरात बाळ लवकर जन्मले असेल, तर सुटी मिळाली म्हणजे सगळे संपले, असे समजू नका. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे पहिल्या महिन्याच्या आत तज्ज्ञांकडून तपासून घ्या. प्रवास लांबचा वाटला, तरी टाळू नका. वेळीच तपासले, तर दृष्टी वाचते आणि तेच मूल उद्या आपल्या शाळेत फळा वाचू शकते.